पार्किन्सनचे संशोधक आणि रुग्ण-प्रतिनिधी यांची संयुक्त बैठक कशी आखावी

पार्किन्सनवर संशोधन करणारे आणि पार्किन्सनसह जगणारे यांनी एकत्र बसावे असे स्वमदत गटांना, रुग्णालयांना आणि विद्यापीठांना वाटते, आणि तशा बैठका होतातही. पण त्यांतल्या बऱ्याच व्याख्यान, प्रश्नोत्तरे आणि आभारप्रदर्शन या क्रमाने संपतात आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतले काम जसे चालले होते तसेच चालू राहते. पुढील मार्गदर्शन ज्या बैठकीसाठी आहे तिची कसोटी एकच आहे: बैठकीनंतर एखाद्या अभ्यासाचा आराखडा, मोजमापाची पद्धत, संमतीपत्राचा मजकूर किंवा संशोधनाचा विषय यांत काही बदलले का? स्वमदत गटांत रुळलेल्या शब्दांप्रमाणे येथे ज्यांना पार्किन्सन झाला आहे त्यांना शुभार्थी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना शुभंकर म्हटले आहे. या दोघांपैकी जे इतरांच्या वतीने बोलण्याची जबाबदारी घेतात ते रुग्ण-प्रतिनिधी.

अजून काय ठरायचे आहे, हे आधी विचारा

सभागृह, तारीख आणि वक्ते ठरवण्याआधी संशोधकाला विचारावे की या अभ्यासातल्या कोणकोणत्या गोष्टी अजून ठरलेल्या नाहीत. निधी मंजूर झाला असेल, नीतिसमितीने आराखड्याला मान्यता दिली असेल आणि प्रश्नावल्या छापून तयार असतील, तर प्रतिनिधींचे मत फक्त शोभेपुरते उरते, आणि हे त्यांच्या पहिल्या अर्ध्या तासातच लक्षात येते. अशा वेळी सरळ माहितीपर व्याख्यान जाहीर करावे. त्यात कमीपणा काही नाही. मात्र त्याला सहभाग असे नाव देऊ नये.

प्रतिनिधींना बोलावण्याची सर्वांत फलदायी वेळ म्हणजे प्रश्नच ठरत असतो ती वेळ. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स यूके ही संस्था आणि रुग्ण व डॉक्टर यांच्यासह संशोधनाचे अग्रक्रम ठरवणारा जेम्स लिंड अलायन्स हा उपक्रम यांनी शुभार्थी, शुभंकर आणि उपचार करणारे व्यावसायिक यांच्याकडून अनुत्तरित प्रश्न मागवून संशोधनाचा अग्रक्रम ठरवला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या यादीत पहिले स्थान तोल जाण्यावर आणि पडण्यावर कोणते उपचार उपयोगी पडतात या प्रश्नाला मिळाले, आणि पहिल्या दहांत ताण व चिंता, झोप, स्मरणशक्ती, लघवीच्या तक्रारी असे विषय आले. दिवसभर ज्या त्रासाशी झगडावे लागते तो त्रास आणि तपासणीच्या खोलीत पंधरा मिनिटांत दिसणारा त्रास यांच्यातले अंतर या यादीत स्पष्ट दिसते. आपल्या बैठकीचा विषय यापेक्षा खूप लहान असला तरी चालेल. ‘भेटींचे वेळापत्रक’, ‘घरी भरायची नोंदवही’, ‘संमतीपत्राची पहिली दोन पाने’ असे बांधीव विषय घेतलेल्या बैठका ‘संशोधनाची दिशा’ अशा विषयावरील बैठकांपेक्षा जास्त काही घडवतात.

माणसे निवडताना

प्रतिनिधी निवडताना आपोआप कोण पुढे येते याकडे लक्ष द्यावे. बहुतेक वेळा तो निदान होऊन थोडीच वर्षे झालेला, सुशिक्षित, स्पष्ट बोलणारा आणि प्रवास करू शकणारा पुरुष असतो. त्याचे म्हणणे मोलाचे आहे, पण तो साऱ्या आजाराच्या वतीने बोलू शकत नाही. पार्किन्सन पुरुषांत स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो, त्यामुळे मुद्दाम शोध घेतला नाही तर स्त्रियांची संख्या आणखी घटते. ज्यांना कंप जवळपास नाहीच पण ताठरपणा आणि मंदपणा आहे असे कोणी, पन्नाशीच्या आत निदान झालेले आणि नोकरी सांभाळणारे कोणी, मेंदूतील विद्युतउत्तेजनाची शस्त्रक्रिया झालेले कोणी, एकटे राहणारे कोणी, आणि ज्यांच्या घरातील शुभार्थीला स्मृतिभ्रंश किंवा भास होतात असे शुभंकर, अशी यादी समोर ठेवून शोधले तरच मिश्रण साधते. जे येऊच शकत नाहीत त्यांचे म्हणणे आधी घरी जाऊन किंवा फोनवर नोंदवून घ्यावे आणि ते बैठकीत वाचून दाखवण्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत वेळ राखून ठेवावा.

शुभंकरांना शुभार्थींच्या शेजारी बसवून सगळे उघडपणे बोलतील अशी अपेक्षा ठेवू नये. डोपामाइन अ‍ॅगोनिस्ट गटातल्या, म्हणजे मेंदूतील डोपामाइन या रसायनासारखे काम करणाऱ्या, औषधांमुळे काहींना जुगार, बेसुमार खरेदी किंवा लैंगिक वर्तन यांवरचा ताबा सुटण्याचा त्रास होतो. हे जोडीदार एकमेकांसमोर सहसा बोलत नाहीत, आणि शुभार्थींनाही शुभंकरांच्या थकव्याबद्दल ऐकताना अपराधी वाटते. म्हणून अर्धा-पाऊण तास दोन्ही गटांना वेगवेगळे बसवावे.

संशोधकांच्या बाजूने केवळ मज्जाविकारतज्ज्ञ आणि प्रमुख संशोधक बोलावून थांबू नये. चाचणीचा समन्वयक, फिजिओथेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ, नीतिसमितीचा एखादा सदस्य आणि, माझ्या मते सर्वांत आवश्यक, संख्याशास्त्रज्ञ हे सगळे हवेत. यश कशाला म्हणायचे, कोणता बदल ‘पुरेसा’ धरायचा आणि त्यासाठी किती माणसे लागतील, या निर्णयांत संख्याशास्त्रज्ञाचा वाटा मोठा असतो. तरीही प्रतिनिधींच्या बैठकीला त्याला बहुधा कोणी बोलावत नाही. पेशी आणि प्रथिनांवर काम करणाऱ्या तरुण संशोधकांनाही आणावे. अल्फा-सिन्युक्लिन या पार्किन्सनशी निगडित प्रथिनावर वर्षानुवर्षे काम करूनही पार्किन्सन झालेल्या माणसाशी एकदाही निवांत न बोललेले संशोधक असतात, आणि त्यांना स्वतःलाच ते खटकत असते. एकूण संख्या पंधरा-वीसच्या आत ठेवावी आणि त्यांत प्रतिनिधी निम्म्याहून कमी नसावेत. दहा तज्ज्ञांत बसलेला एकटा शुभार्थी बहुधा सौजन्यापोटी मान डोलावतो.

पूर्वतयारी दोन्ही बाजूंची

प्रतिनिधींना शिकवायचे आणि मग आणायचे, एवढ्यावरच तयारी थांबते. शिकवणे आवश्यक आहेच. अमेरिकेतील पार्किन्सन्स डिसीज फाउंडेशनने २००८ साली संशोधनातील प्रतिनिधींसाठी स्वतंत्र प्रशिक्षण सुरू केले, आणि चाचणीचे टप्पे, यादृच्छिक विभागणी (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे), प्लासिबो (औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले), संमती यांची तोंडओळख झालेला प्रतिनिधी किती अचूक प्रश्न विचारतो हे अशा प्रशिक्षणानंतर लगेच दिसते. पण संशोधकांनाही तासाभराची तयारी लागते. भावशून्य दिसणारा चेहरा हे आजाराचे लक्षण आहे, कंटाळ्याचे नव्हे. उत्तर यायला वेळ लागतो म्हणजे प्रश्न कळला नाही असे नव्हे. आणि वाक्य मध्येच थांबले तर ते दुसऱ्याने पूर्ण करू नये, एवढ्या तीन गोष्टी त्यांना आधी सांगितल्या तरी बैठकीचा सूर बदलतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजून मगच पुढे बोलावे, हा नियम सूत्रसंचालकाने सर्वांसमोर जाहीर करावा.

दोन आठवडे आधी सर्वांना दोन पानी टिपण पाठवावे. त्यात अभ्यास कशाचा आहे, कोणत्या तीन-चार गोष्टी अजून बदलता येतील, कोणत्या बदलता येणार नाहीत आणि का, हे साध्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत लिहावे. काय बदलता येणार नाही हे आधीच सांगितले की बैठकीतला बराचसा संताप वाचतो.

हितसंबंध दोन्हीकडून उघड करून घ्यावेत. औषध किंवा उपकरणे बनवणाऱ्या कंपनीकडून संशोधकाला मानधन मिळत असेल तर ते जसे सांगितले जाते, तसे रुग्णसंघटनेला देणगी मिळत असेल तर तेही सांगितले जावे.

वेळ आणि जागा औषधाच्या घड्याळाप्रमाणे

लिव्होडोपा या पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा रक्तातला अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण दीड तासाचा असतो. आजार वाढतो तशी मेंदूची डोपामाइन साठवून पुरवण्याची क्षमता घटते आणि औषधाचा परिणाम एका डोसापासून दुसऱ्या डोसापर्यंत टिकेनासा होतो. मग दिवसाचे ‘ऑन’ (औषधाचा परिणाम असलेला) आणि ‘ऑफ’ (तो उतरलेला) असे तुकडे पडतात. बैठकीची वेळ ठरवताना प्रत्येक प्रतिनिधीला त्याचा चांगला काळ कोणता हे विचारावे. सकाळी आठ वाजता बोलावणे जवळजवळ कोणालाच सोयीचे नसते, कारण रात्रीचे औषध उतरलेले असते आणि सकाळचे अजून चढलेले नसते. एका वेळी पाऊण तासापेक्षा जास्त बसवू नये, एकूण बैठक तीन तासांत आटोपावी आणि जेवणाची वेळ लवचिक ठेवावी, कारण प्रथिनयुक्त जेवणामुळे अनेकांना लिव्होडोपाचा परिणाम उशिरा किंवा कमी मिळतो. बोलता बोलता कोणी ‘ऑफ’ झाले तर त्यांचा मुद्दा नंतर घेण्याची सोय असावी, आणि ही सोय आहे हे त्यांना सुरुवातीलाच माहीत असावे.

जागेच्या बाबतीत अरुंद दारे, उंबरठे, गर्दीचे बोळ आणि खुर्च्यांची दाटी यांमुळे पाय जमिनीला चिकटल्यासारखे होण्याचा, म्हणजे फ्रीझिंगचा त्रास वाढतो. हात असलेल्या खुर्च्या, जवळचे स्वच्छतागृह, पडून राहता येईल अशी एक शांत खोली आणि हातात धरावा न लागणारा, कपड्याला लावायचा माइक एवढे तरी असावेच. पार्किन्सनमध्ये आवाज क्षीण होतो आणि बोलणाऱ्याला स्वतःला तो क्षीण वाटत नाही. त्यामुळे ‘मोठ्याने बोला’ असे वारंवार सांगण्यापेक्षा माइक सर्वांनाच लावणे बरे. २००६ साली वॉशिंग्टनमध्ये सुरू झालेल्या जागतिक पार्किन्सन काँग्रेसने संशोधक, डॉक्टर, शुभार्थी आणि शुभंकर यांना एका छताखाली आणण्याचा जो पायंडा पाडला, त्यातही विश्रांतीच्या जागेला कार्यक्रमाचा भाग मानले जाते. प्रवासखर्च सोबत येणाऱ्या व्यक्तीचाही द्यावा, आणि तज्ज्ञांना मानधन असेल तर प्रतिनिधींनाही असावे.

प्रत्यक्ष बैठक

सुरुवात संशोधकाच्या सादरीकरणाने करू नये. पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर आलेख आले की खोलीतली उतरंड ठरून जाते आणि मग ती मोडणे कठीण असते. आयुष्याची कहाणी सांगण्यानेही सुरुवात करू नये. ती ऐकून सर्वांचे मन हेलावते, पण आराखड्यात काय बदलावे हे त्यातून हाती लागत नाही. मला सर्वांत उपयुक्त वाटलेली पद्धत अशी आहे. प्रत्येक प्रतिनिधीने एका मोठ्या कागदावर चोवीस तासांची आडवी रेघ काढावी, तिच्यावर औषधाच्या वेळा, ‘ऑन’चा काळ, ‘ऑफ’चा काळ, डिस्कायनेशियाचा म्हणजे अनावर हालचालींचा काळ आणि झोप दाखवावी, लिहिणे कठीण असेल तर संशोधकाने त्यांच्या सांगण्यावरून भरावे. मग त्याच रेघेवर संशोधकांनी अभ्यासातील भेटी, चाचण्या आणि नोंदवहीच्या वेळा वेगळ्या रंगाने मांडाव्यात.

यातून जे निघते ते बहुतेकदा अतिशय ठोस असते. औषधाविना स्थिती तपासण्यासाठी संशोधक साधारण बारा तास औषध थांबवायला सांगतात. कागदावर ती एक ओळ असते, पण रेघेवर पाहिले की त्या सकाळी अंघोळ कोण घालणार, जिना कसा उतरणार, गाडीत कसे बसणार हे प्रश्न समोर येतात. मग कोणी सुचवते की तपासणी संपताच घ्यायची गोळी तिथेच तयार ठेवा, कोणी म्हणते की ही एक भेट घरी येऊन करा, आणि संख्याशास्त्रज्ञ सांगू शकतो की अशा चार तपासण्यांऐवजी दोन पुरतील का. अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंदवही भरताना हात थरथरत असेल तर काय, हेही इथेच कळते. एमडीएस-यूपीडीआरएस ही पार्किन्सनची तीव्रता मोजणारी, २००८ मध्ये सुधारून प्रसिद्ध झालेली मापनपट्टी आज बहुतेक चाचण्यांत वापरली जाते. तिच्या प्रश्नांतले कोणते आपल्या दिवसाशी जुळतात आणि कोणते निसटतात, यावर प्रतिनिधींना बोलू द्यावे.

कार्यक्रमपत्रिकेत अर्धा तास पूर्ण मोकळा ठेवावा. २०१२ मध्ये एडिनबरोत डॉ. टिलो कुनाथ यांच्या व्याख्यानानंतर जॉय मिल्न या निवृत्त परिचारिकेने विचारले की पार्किन्सनच्या वासाचा उपयोग निदानासाठी का करत नाहीत. त्यांच्या पतीच्या अंगाचा वास निदानाच्या कितीतरी वर्षे आधी बदलला होता. वास न येणे हे पार्किन्सनचे जुने, माहीत असलेले लक्षण असल्याने प्रश्नाचा रोख लगेच पकडला गेला नाही. पुढे त्यांना वापरलेले टी-शर्ट हुंगायला देण्यात आले, सहा पार्किन्सन असलेल्यांचे आणि सहा नसलेल्यांचे. त्यांनी नसलेल्यांपैकी एकाला ‘आहे’ म्हटले, आणि काही महिन्यांनी त्या व्यक्तीला पार्किन्सनचे निदान झाले. त्वचेवरच्या तेलकट स्रावातील रसायनांचा अभ्यास मँचेस्टरमध्ये प्रा. पर्डिटा बॅरन यांच्या गटाने पुढे नेला आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. असे रोज घडत नाही. पण विषयाबाहेरचा वाटणारा प्रश्न नोंदवून घेण्यासाठी एक माणूस नेमावा, आणि आठवड्याभरात तो प्रश्न योग्य संशोधकापर्यंत लेखी पोहोचवण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.

एक धोका हमखास येतो: खोलीत मज्जाविकारतज्ज्ञ दिसला की स्वतःच्या डोसाबद्दल विचारण्याचा मोह होतो. त्यात गैर काही नाही, पण बैठक त्यातच संपते. वैयक्तिक उपचारांविषयी इथे बोलणार नाही असे आधीच सांगावे आणि शक्य असल्यास त्यासाठी निराळा तास ठेवावा.

दुसरा धोका कमी दिसतो. चालू असलेल्या दुहेरी-अंध (कोणाला खरे औषध मिळते हे सहभागी आणि संशोधक दोघांनाही माहीत नसलेल्या) चाचणीत सहभागी असलेले दोघे-तिघे बैठकीत भेटले आणि दुष्परिणामांची तुलना करू लागले, तर कोणाला खरे औषध मिळत आहे याचा अंदाज त्यांना येऊ शकतो. पार्किन्सनमध्ये हे विशेष जपावे लागते, कारण येथे प्लासिबोचा परिणाम प्रबळ असतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या स्कॅनवरून असे दिसले की सुधारणेच्या अपेक्षेने मेंदूत खरोखर डोपामाइन स्रवते. म्हणून एखाद्या चाचणीचे सल्लागार प्रतिनिधी त्याच चाचणीत सहभागी नसावेत, हा नियम करावा.

मतभेद झाले की

प्लासिबो गट किती मोठा असावा, खोटी (तुलनेसाठी केवळ देखाव्याची) शस्त्रक्रिया करावी का, चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का, या प्रश्नांवर वाद होणारच. ते टाळण्यासाठी विषय बदलणे हा सूत्रसंचालकाचा सर्वांत वाईट निर्णय ठरतो. जीडीएनएफ या वाढघटकाचे, म्हणजे मेंदूतील पेशींना जगण्यास मदत करणाऱ्या प्रथिनाचे, उदाहरण सर्वांनी माहीत करून घेण्यासारखे आहे. मेंदूत नळीद्वारे ते सोडण्याची चाचणी अ‍ॅम्जेन कंपनीने २००४ मध्ये सुरक्षिततेच्या शंका आणि प्लासिबोच्या तुलनेत न दिसलेला फायदा ही कारणे देऊन थांबवली. आपल्याला फायदा होत असल्याचे सांगणारे काही सहभागी न्यायालयात गेले, पण निकाल कंपनीच्या बाजूने लागला. पुढे ब्रिस्टलमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले, आणि तिनेही आधी ठरवलेले मुख्य उद्दिष्ट गाठले नाही, तरी अनेक सहभागींचा अनुभव वेगळा होता. कोण बरोबर होते याचा निवाडा बैठकीत करायचा नाही. यातून घ्यायचे ते इतकेच, की चाचणी थांबली तर काय, संपली तर काय, उपकरण शरीरात असेल तर त्याची देखभाल कोण करणार, यांची उत्तरे पहिला सहभागी दाखल होण्याआधी लेखी असावीत आणि ती लिहिताना प्रतिनिधी हजर असावेत.

कोणता निर्णय कोणाचा हेही सुरुवातीला ठरवून घ्यावे. सांख्यिकी गणितावर मतदान घेता येत नाही. पण कोणती सुधारणा जगण्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे आणि त्यासाठी किती त्रास सोसण्याजोगा आहे, याबाबतीत प्रतिनिधींचे मत शेवटचे मानावे.

बैठकीनंतर

महिन्याभरात सर्वांना तीन रकान्यांचा तक्ता पाठवावा: सूचना काय होती, स्वीकारली की नाही, नसेल तर का नाही. ‘का नाही’ हा रकाना भरताना संशोधक कुरकुरतात, पण प्रतिनिधी दुसऱ्या बैठकीला येतात की नाही हे त्याच रकान्यावर ठरते. खर्च परवडत नाही, नियमात बसत नाही, किंवा आम्हाला पटले नाही, यांपैकी कोणतेही प्रामाणिक कारण चालते. ज्यांच्या सूचनेने आराखडा बदलला त्यांची नोंद शोधनिबंधात व्हावी, आणि योगदान मोठे असेल तर सहलेखक म्हणून.

निष्कर्ष नकारात्मक आले तरी ते प्रतिनिधींना आणि सहभागींना बातमीतून कळू नयेत. मधुमेहाच्या एक्झेनाटाइड या औषधाने २०१७ मध्ये छोट्या चाचणीत आशा दाखवली होती. १९४ सहभागी आणि ९६ आठवड्यांच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत मात्र फायदा दिसला नाही, असे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. असा निकाल कोण, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगणार याचा मसुदा चाचणी सुरू असतानाच प्रतिनिधींसोबत तयार करावा.

शेवटी, पार्किन्सन हा वाढत जाणारा आजार असल्याने आज स्पष्ट बोलणारा प्रतिनिधी चार वर्षांनी तसाच बोलू शकेल हे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक जागेसाठी दोघे नेमावेत, एक अनुभवी आणि एक नवा. प्रवास जमेनासा झाल्यास घरून, लेखी किंवा शुभंकराच्या मदतीने काम चालू ठेवायचे की दुसऱ्याकडे सोपवायचे, आणि हा विषय आपल्यापाशी कोणी काढावा, हे प्रत्येक प्रतिनिधीला नेमणुकीच्या वेळीच विचारून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवून ठेवावे.